शिबिर एक वर्ष थांबवलं : ठाण्यातल्या एका गिर्यारोहण संस्थेचं प्रकरण

हे प्रकरण ठाण्यातल्या एका गिर्यारोहण संस्थेचं आहे. नौपाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात दर बुधवारी संध्याकाळी ही मंडळी जमतात. संस्थेचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्यांचा सभासद नाही. नवी मुंबईतल्या दुसऱ्या संस्थेतून आम्हा दोघांना त्यांनी मदतीला बोलावलं होतं, त्यामुळे बराचसा भाग माझ्या डोळ्यांसमोर घडला. उरलेला बैठकांच्या इतिवृत्तांतून आणि सभासदांच्या बोलण्यातून कळला. त्यांच्या कार्यकारिणीने वाचून होकार दिला आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या आणि खाडीपलीकडच्या आमच्या भागातल्या कितीतरी संस्था आज याच अडचणीत आहेत, शिकवणारी खात्रीची माणसं कमी पडत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

ठाण्याच्या डोंगरवेड्यांना लोकलने फार दिलं आहे. कल्याणला फाटा फुटतो, एकीकडे कसारा, दुसरीकडे कर्जत. पहाटेची गाडी पकडली की आसनगावला उतरून माहुली, कसाऱ्याहून पुढे रतनगड-कळसूबाईचा मुलूख, नेरळहून पेब, कर्जतहून कोथळीगड. प्रस्तरारोहणाचा सराव करायचा तर मुंब्र्याचा कातळ दोन स्टेशनांवर. त्यामुळे इथल्या संस्थांना सभासदांची वानवा कधी नव्हती.

ही संस्था तीन दशकांहून जुनी. महिन्याला एक ट्रेक, पावसाळ्यात दोन, दिवाळीच्या सुट्टीत शाळकरी मुलांसाठी निसर्ग शिबिर, अधूनमधून एखाद्या मोहिमेवरचा स्लाइड शो, आणि डिसेंबरात प्राथमिक प्रस्तरारोहण शिबिर. हे शिबिर म्हणजे संस्थेचा मानबिंदू. दोन बुधवार वर्गात गाठी आणि सामग्रीची ओळख, मग शनिवार-रविवार कातळावर चढाई आणि रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणं. दरवर्षी तीसेक शिबिरार्थी येत, शेवटी प्रमाणपत्र मिळे. शिबिराच्या फीतून नवे दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) येत आणि वर्गाचं वर्षाचं भाडं निघे.

येणाऱ्यांची जातकुळीही बदलत होती. २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगच्या, म्हणजे कमी उंचीवर दोराशिवाय चढण्याच्या खेळाच्या, विश्वचषकाच्या फेऱ्या झाल्या. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पोर्ट क्लाइंबिंग आलं. कॉलेजची मुलं ‘किल्ला दाखवा’ म्हणण्याऐवजी ‘चढायला शिकवा’ म्हणत येऊ लागली. संस्थेला याचा आनंद होता, पण शिकवणारे हात तेच होते.

अडचण

कागदावर सहा प्रशिक्षक होते. प्रत्यक्षात अँकर (दोर कातळाला जखडायची बांधणी) लावून त्यावर दुसऱ्याचा जीव सोपवावा अशी खात्रीची माणसं तीन. एक साठी ओलांडलेले, ज्यांना सगळे काका म्हणतात. दुसरा चाळिशीतला दादा, बहुतेक ट्रेकचा लीड, म्हणजे प्रमुख. तिसरा एका खासगी कंपनीत नोकरीला.

ऑक्टोबरात माहुलीचा ट्रेक होता, पस्तीसच्या आसपास माणसं. माहुली सुमारे २,८१५ फूट उंच. गावातून जंगलात शिरलं की सोंडेवरची वाट दमवते आणि शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी लागते. शिडीवर सुरक्षेसाठी दोर लावायचा ही संस्थेची जुनी शिस्त. दादाने वर जाऊन अँकर लावला आणि तो तिथेच बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, बसला. आता खाली प्रत्येकाला हार्नेस चढवून, बकलचा पट्टा तपासून, कॅरॅबिनरचा स्क्रू आवळून वर सोडणारं कोणीतरी हवं. तो तिसरा प्रशिक्षक मागे राहिला होता, पायात गोळा आलेल्या एका मुलाबरोबर. तो येईपर्यंत रांग थांबली. ऑक्टोबरचं ऊन, पाणी संपत चाललेलं. उतरताना जंगलातच अंधार पडला आणि शेवटचा तासभर टॉर्चच्या उजेडात चालावं लागलं. आसनगाव स्टेशनवर पोचायला चांगलीच रात्र झाली.

कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. वर जाऊन महादरवाजा, पहारेकऱ्यांच्या देवड्या पाहून लोक खूश होते, फोटोही सुरेख आले. इतर वेळी ‘ट्रेक उत्तम झाला’ असं लिहून वही मिटली असती. पण संस्थेच्या सचिव ताईंनी पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ घातली: ‘शिडीपाशी आपल्या शिबिरातून प्रमाणपत्र घेतलेले नऊ जण रांगेत उभे होते. त्यांना हार्नेस घालून देता येत नव्हता, की आपण त्यांना सांगितलंच नाही?’

मला विचाराल तर या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम त्या एका ओळीने केलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कंपनीवाल्या प्रशिक्षकाची बंगळुरूला बदली झाली. त्याच सुमारास दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. शिबिर महिन्यावर आलेलं, नावनोंदणी सुरू झालेली, आणि कातळावर उभं राहायला एकटे काका.

जुन्या वह्यांतून काय निघालं

निर्णय घेण्याआधी ताईंनी मागच्या बऱ्याच वर्षांच्या वह्या काढल्या आणि शिबिर केलेल्या लोकांना फोन लावले. हे करायला कोणी सांगितलं नव्हतं. प्रश्न दोनच होते: शिबिरानंतर तुम्ही दोर परत कधी हातात घेतला, आणि नसेल तर का नाही?

उत्तरं जवळपास सारखी. ‘गाठी शिकवल्या होत्या छान, पण नंतर बांधायची वेळच आली नाही.’ ‘ट्रेकला दादाच सगळं करतात, आपण मध्ये कशाला पडायचं.’ ‘मी एकदा हार्नेस लावायला गेले होते, काकांनी हातातून घेतला, म्हणाले उशीर होतोय.’

यात कोणाचा वाईट हेतू नाही. चुकीला जागा नसलेल्या कामात अनुभवी माणूस स्वतः पुढे होणारच. तीस माणसं मागे उभी असताना नवख्याला गाठ तीनदा सोडून बांधायला लावायला छाती लागते. पण वर्षानुवर्षं असंच चाललं की शिकवणारे आणि शिकणारे यांच्यात मधली पायरीच उरत नाही. डिसेंबरात दोन दिवस दोर हातात, मग थेट पुढच्या कोणाच्या तरी डिसेंबरात प्रेक्षक म्हणून.

समोरचे पर्याय

नोव्हेंबरातली ती बैठक बरीच रंगली. आम्ही दोघे बाहेरचे म्हणून कोपऱ्यात बसून ऐकत होतो.

पहिला पर्याय काकांचा: मानधन देऊन बाहेरून प्रशिक्षक आणायचे आणि शिबिर ठरल्या तारखेला करायचं. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ‘अरे, शिबिर एकदा बंद पडलं की परत उभं राहत नाही. ठाण्यातल्याच दोन संस्था अशा गेलेल्या मी बघितल्यात.’ खजिनदारांचाही यालाच कौल होता. दोन दोर निवृत्त करायचे होते, नव्यांसाठी पैसे शिबिरातूनच येणार होते.

दुसरा पर्याय, शिबिर रद्द करून फक्त ट्रेक चालू ठेवायचे. सोपा होता, म्हणून दोघातिघांना आवडला. पण माहुलीच्या शिडीवर जे झालं ते ट्रेकमध्येच झालं होतं, हे ताईंनी दाखवून दिल्यावर तो मागे पडला.

तिसरा, आमच्यासारख्या दुसऱ्या संस्थेबरोबर संयुक्त शिबिर. आम्ही तयार होतो. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांमध्ये हा शेजारधर्म जुना आहे. बचावकार्याला तर कोण कुठल्या संस्थेचा हे कोणी विचारत नाही. पण त्यानेही मूळ दुखणं एक वर्ष पुढे ढकललं गेलं असतं.

चौथा पर्याय मांडला तो कळव्याहून येणाऱ्या, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या एका मुलीने. बैठकीत ती पहिल्यांदाच बोलत होती. बाहेरच्या लोकांसाठी शिबिर एक वर्ष थांबवा, आणि तेच शनिवार-रविवार, तोच दोर, तेच काका, माहुलीच्या रांगेत उभ्या असलेल्या नऊ जणांना द्या. वर्षभर.

निर्णय

मत झालं तेव्हा चौथा पर्याय थोड्याच मतांच्या फरकाने निवडून आला. काकांनी विरोधात हात वर केला होता. मोजणी झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘सकाळी मुंब्र्याला किती वाजता भेटायचं?’ ते नसते तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्याच बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. नोंदणी केलेल्यांचे पैसे आठवड्याच्या आत परत करायचे आणि शिबिर का थांबवलं ते स्पष्ट कळवायचं. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ असलं काही लिहायचं नाही. आणि दोरांसाठी जुन्या सभासदांकडून वर्गणी काढायची, ट्रेकची फी वाढवायची नाही. खजिनदारांना दुसरी अट मान्य नव्हती, पण ताई हटल्या नाहीत. ट्रेकचं उत्पन्न वाढवायचं म्हणजे माणसं वाढवायची, आणि लीड मुळातच कमी आहेत.

एक ठराव मात्र अडला. हिमालयातल्या संस्थेतून बेसिक कोर्स केल्याशिवाय कोणाला लीड म्हणायचं नाही, असा एकाचा आग्रह होता. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची. तिथलं चार आठवड्यांचं शिक्षण काय ताकदीचं असतं हे तिथून आलेल्या माणसाच्या चालण्यावरून कळतं. अॅडव्हान्स कोर्सला जायचं तर बेसिकला ‘ए’ ग्रेड लागते. राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आल्यापासून प्रशिक्षकाची पात्रता कागदावर दाखवण्याला वजनही आलं आहे.

तरी ही अट घालू नये असं मी तिथे बोललो, आणि आजही माझं तेच मत आहे. चार आठवड्यांची सलग रजा किती जणांना मिळते? ज्याला मिळत नाही तो कायम रांगेतच उभा राहणार. शिवाय तिथे मुख्य भर बर्फावर आणि हिमनदीवर. सह्याद्री हा सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा कातळ. मधे मुरमाचे ठिसूळ पट्टे, पावसानंतर घसारा, गवताखाली दडलेले सुटे धोंडे, आणि आग्या मोहोळ. अत्तर लावून आलेला एक माणूस किंवा कड्याखाली पेटवलेली चूल अख्ख्या गटाला भारी पडू शकते. ही समज इथेच, इथल्या डोंगरात माणसाबरोबर फिरून येते. शेवटी ठरलं ते असं: ज्यांना जमेल त्यांनी जावं, संस्था फीचा काही भाग देईल, पण इथला लीड इथल्या कामावरून ठरेल.

वर्षभर काय केलं

बुधवारचा वर्ग आधी बदलला. पूर्वी ट्रेकची घोषणा, पैसे गोळा करणं, गप्पा असं चाले. आता पहिला तास दोराचा. निवृत्त केलेल्या दोन दोरांचे दोन-दोन मीटरचे तुकडे केले आणि प्रत्येकाला एक घरी न्यायला दिला. जुना दोर असा कापलेला बरा, नाहीतर कधीतरी कोणीतरी घाईत तोच पिशवीत भरतो. वापर कितीही कमी असला तरी दहा वर्षांनंतर दोर बाद करावा, असं बहुतेक उत्पादक सांगतात. इथे तर एका दोराची खरेदीची तारीखच कोणाला आठवत नव्हती. तेव्हापासून प्रत्येक दोराची वेगळी पाटी झाली: कधी घेतला, कुठे वापरला, कोणी धुतला.

वर्गाचा नियम काकांनीच घातला: ज्याला येतं त्याने हात पाठीमागे बांधायचे. एका बुधवारी मी तिथे होतो. ती लॅबमधली मुलगी फिगर ऑफ एट बांधत होती. गाठ दिसायला बरोबर, पण आतला एक पेड दुसऱ्यावरून ओलांडून गेलेला. काका समोर वाकले, हात मागे घट्ट धरलेले, बोटं मात्र हलत होती. मिनिटभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हा पेड कुठे चाललाय गं?’ तिने बोटाने दोराची वाट पहिल्यापासून धरली, अडलेल्या जागी थांबली, गाठ सोडून पुन्हा घातली, पेड शेजारी-शेजारी बसवले आणि शेपूट वीतभर सोडून ताणली. साध्या कामाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात काकांनी चार गाठी बांधल्या असत्या. त्या वर्गात मला त्या दोघांचंही फार कौतुक वाटलं.

अँकरचा कोन शिकवायला त्यांनी केलेला प्रयोग प्रत्येक संस्थेने उचलावा असा आहे. खिडकीच्या गजांना बॅगांचं वजन करायचे हुकवाले दोन काटे अडकवले, त्यांना दोन स्लिंग (अँकरला वापरायचे पट्ट्याचे फास), आणि मधोमध दहा लिटर पाण्याचा कॅन. काटे जवळजवळ असताना दोन्हीवर साधारण पाच-पाच किलो. ते लांब सरकवत नेले, स्लिंगमधला कोन ६० अंश झाला तेव्हा पावणेसहाच्या आसपास, आणि १२० अंशांना दोन्ही काटे दहा-दहा दाखवू लागले. कॅन तोच, पाणी तेवढंच. दोन अँकर लावले म्हणजे भार अर्धा झाला, हा समज त्या संध्याकाळी गेला.

महिन्यातले दोन रविवार मुंब्रा. पहाटेची लोकल, उन्हं चढायच्या आत सराव संपवून परत. पहिले काही महिने फक्त टॉप रोप, म्हणजे दोर वरच्या अँकरमधून आलेला. चढणारा, बिले देणारा आणि त्याच्यामागे दोर धरणारा तिसरा, अशा तिघांच्या पाळ्या फिरत. बिलेची परीक्षा माणसाला पाडून घेतली नाही. वाळूचं साठेक किलोचं पोतं वर ओढून अचानक सोडायचं. दोराचा हिसका आला की खालचा हात ब्रेकवर राहतो की सुटतो, ते तेव्हा कळतं. पहिल्या खेपेला निम्म्या लोकांचे हात सुटले, मागच्या माणसाने दोर धरला. सहाव्या-सातव्या खेपेपर्यंत हे थांबलं होतं.

ट्रेकमध्ये मोठा बदल एकच केला. प्रत्येक ट्रेकचा को-लीड त्या नऊपैकी एक, आणि तो किंवा ती आधी रेकीला, म्हणजे वाट पाहून यायला, जाणार. वाट शोधणं, गावात विचारणं, वनखात्याच्या चौकीवर नोंद, पाण्याच्या जागा, परतीची वेळ, सगळं त्याच्याकडे. अनुभवी माणूस बरोबर असायचा, पण त्याला विचारायची मुभा होती ती एकाच प्रश्नाची: ‘आता काय करशील?’ गट वीसवर आणला. ट्रेकनंतरच्या बुधवारी अर्धा तास नुसता ‘कुठे अडलं’ यावर. या अर्ध्या तासात कोणाची चूक काढायची नाही, घडलेलं सांगायचं, असा संकेत हळूहळू रुजला. नकाशावाचन सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० च्या नकाशांवर केलं. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, दोन समोच्च रेषांत वीस मीटरचा चढ, हे डोक्यात बसलं की मोबाइलची रेंज गेल्यावर हातपाय गळत नाहीत. प्रथमोपचाराला सभासदांपैकीच एक डॉक्टर आल्या. सर्पदंशाला चिरा नाही, आवळपट्टी नाही, अवयव हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय रेकीतच बघून ठेवायचं, हे त्यांनी इतक्या वेळा म्हणून घेतलं की पाठ झालं.

उत्तरकाशीला जायला दोघे तयार होते. एक महापालिकेच्या शाळेत शिक्षक. त्यांना मे महिन्याची सुट्टी उपयोगी पडली. दुसऱ्याला कंपनीने रजा दिली नाही.

काय हाती आलं

नऊपैकी तिघे मधेच सुटले. एकीचं लग्न होऊन ती नाशिकला गेली, एकाच्या शिफ्ट बदलल्या, एकाला हा सगळा अभ्यास नको होता, त्याला डोंगरात मोकळं फिरायचं होतं. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. उरलेल्या सहांपैकी चौघे आज ट्रेकचे लीड आहेत, आणि त्यांतले दोघे काकांच्या देखरेखीखाली कातळावर अँकर लावतात. दादा गुडघा बरा करून परत आला आहे, पण आता दर ट्रेकला तो लागतोच असं नाही.

पैशाची ओढाताण झाली. वर्गणीतून एकच दोर आला, दुसरा पुढच्या वर्षावर गेला. ट्रेकला येणाऱ्यांची संख्या घटली, काही जुने चेहरे मोठ्या गटांच्या ट्रेककडे वळले.

पुढच्या डिसेंबरात शिबिर पुन्हा झालं, निम्म्याच शिबिरार्थींना घेऊन. दुसऱ्या दिवशी रॅपलिंग चालू होतं. उतरायची रेघ डावीकडे थोडी सरकवली होती, कारण खालच्या टप्प्यावर गवत ओलं होतं. एक शिबिरार्थी हार्नेस घालून कड्यावर बसलेला, काका त्याला सोडायच्या तयारीत. कळव्याच्या त्या मुलीने हात वर केला. ‘काका, थांबा. डावा स्लिंग धारेवर घासतोय. कोनही उघडलाय.’ क्षणभर सगळे तिच्याकडे बघत राहिले. काकांनी मुलाला मागे घेतलं, सेल्फ अँकरला, म्हणजे वेगळ्या सुरक्षा पट्ट्याला, लावलं, स्वतः जाऊन पाहिलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे. बांध तू, मी बघतो.’ अँकर पुन्हा लावायला, धारेखाली गोणपाट घालायला वीसेक मिनिटं गेली. शिबिरार्थी कंटाळले, दोघांनी चुळबुळ केली. काकांनी त्या वीस मिनिटांत दोराला हात लावला नाही.

गिर्यारोहण संस्थेची तब्येत मोजायची झाली तर मी सभासदसंख्या विचारणार नाही. सगळ्यात धाकटा माणूस सगळ्यात मोठ्याला ‘थांबा’ म्हणू शकतो का, आणि मोठा थांबतो का, हे बघेन.

काय वेगळं करता आलं असतं

शाळकरी मुलांचं दिवाळीतलं निसर्ग शिबिर त्या वर्षी झालं नाही. ठरवून बंद केलं नव्हतं. हात अपुरे पडले आणि ते राहून गेलं. ते टाळता आलं असतं. त्या शिबिराला दोर लागत नाही, झाडं, पक्षी, तंबू, रात्रीचं आकाश एवढंच असतं. कातळात रस नसलेल्या, पण मुलांमध्ये रमणाऱ्या सभासदांकडे ते सोपवलं असतं तर त्यांनाही काम मिळालं असतं. नऊ जणांवर सगळं लक्ष लागलं, आणि बाकीचे सभासद आपण आता उपरे झालो असं बोलू लागले. दोन बैठकांत ते कडवटपणे बाहेर आलं.

नऊ जणांची निवडही घाईची होती. माहुलीला त्या दिवशी जे रांगेत होते ते घेतले, जे त्या रविवारी आले नाहीत ते सुटले. आधी सगळ्या जुन्या शिबिरार्थींना विचारायला हवं होतं. ताईंकडे फोन नंबरांची यादी तयार होती.

मुंब्र्याच्या पहाटेच्या वेळेबद्दलही उशिरा बोलणं झालं. अंधारात घरातून निघायला दोन मुलींना घरून परवानगी नव्हती, त्या काही आठवडे आल्याच नाहीत आणि कारण सांगायला संकोचल्या. मग डॉक्टर बाईंनी त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलून घेतलं, आणि स्टेशनपर्यंत कोणी ना कोणी सोबतीला राहील अशी सोय झाली. हे पहिल्याच आठवड्यात विचारता आलं असतं. संस्थेच्या उपक्रमांत मुली कमी का येतात यावर आपण चर्चा पुष्कळ करतो, पहाटेच्या रिक्षाचं काय हे मात्र विचारत नाही.

आर्थिक बाजू आधी मोकळेपणाने मांडली असती तर खजिनदारांशी पुढे झालेले खटके टळले असते. शिबिर थांबवायचं ठरलं तेव्हा येणाऱ्या तुटीचा आकडा कोणी फळ्यावर लिहिला नाही.

आणि पावसाळ्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. आमच्या नवी मुंबईतून दिसणारा तो डोंगर, त्या वाडीत आम्ही कितीदा चहा प्यायलो आहोत. तेव्हापासून पावसाळी ट्रेक कुठे, केव्हा आणि कोणाच्या जबाबदारीवर करायचे याची कार्यकारिणीत चर्चा होते आणि पुढे ढकलली जाते. नव्या चार लीडपैकी दोघांचं म्हणणं आहे की जुलैत डोंगर सोडून बुधवारचे वर्ग वाढवावेत; उरलेल्या दोघांना वाटतं की धुक्यात आणि ओल्या वाटेवर माणूस न्यायला शिकायचं तर जुलैतच शिकावं लागेल, मात्र गट दहाचा आणि वाट सपाटीची हवी. येत्या मे महिन्यात हा विषय बैठकीत यायचा आहे. या वेळी तो मांडणार आहेत ते नवे लीड. ताईंनी त्यांना जिल्हा प्रशासनाचे आणि वनखात्याचे मागच्या पावसाळ्यांतले बंदी आदेश गोळा करून आणायला सांगितलं आहे.